खाकी कव्हरातली भुतं

आमच्या दवाखान्यातलं सगळ्यात भित्रं माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं तर शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी लॅबकडे बोट दाखवलं असतं. लॅबमध्ये रामटेके बसायचे. मी शेजारच्या खिडकीत औषधं वाटायची. मध्ये प्लायवूडची भिंत आणि तिच्यावर हवेसाठी सोडलेली फट, त्यामुळे नऊ वर्षं त्यांचा एकेक उसासा मला ऐकू आला. गावाचं नाव मी सांगणार नाही. देवरीकडून साकोलीकडे जाताना हायवेला लागून एक गाव आहे, एवढं पुरे. पुढे जे सांगणार आहे त्यात रामटेक्यांची एक मोठी चूक आहे, आणि त्या चुकीवर मी अजून चिडलेली आहे.

भित्रे म्हणजे किती, तर बसमध्ये संकटकाळच्या दाराजवळची सीट मिळाली नाही की पुढच्या बसची वाट पाहणारे. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जाणारे. घर दवाखान्यापासून चालत सहा मिनिटांवर, तरी आल्याआल्या बायकोला, आमच्या वहिनींना, फोन करून "पोहचलो" म्हणून सांगणारे. कुत्र्याला भ्यायचे, विजेला भ्यायचे, डॉक्टरांना तर भ्यायचेच. पण एकदा मायक्रोस्कोपवर डोळा ठेवला की त्यांना कोणी हलवू शकत नसे. एकेक स्लाइड ते तीनदा बघत. मलेरियाच्या दिवसांत रांग दाराबाहेर जायची, लोक कुरकुरायचे, डॉक्टर आतून ओरडायचे. रामटेके मान वर करत नसत. "चुकलं तं कोणाचं तं पोट्टं जाईन," एवढंच पुटपुटायचे.

आणि हा माणूस जमवायचा काय, तर जुन्या भुताच्या पिक्चरच्या रेकॉर्डी. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खिडकीतल्या पेशंटसमोर मोठ्याने हसले होते.

मूळच्या जुन्या रेकॉर्डी नव्हेत. त्या त्यांना फुकट दिल्या तरी नको असायच्या. हल्ली परदेशातल्या काही कंपन्या आणि आपल्याकडचे दोनचार हौशी लोक जुन्या टेपा शोधून काढतात, साफ करतात आणि त्या रेकॉर्डी नव्याने छापतात. रामटेक्यांना त्याच हव्या. का, तर त्या काळी रेकॉर्डवर फक्त गाणी यायची. दार करकरतं तेव्हाचं, बाई एकटीच जिना चढते तेव्हाचं, ते मागचं वाजवणं कोण विकत घेणार म्हणून कोणी छापलंच नाही. नव्या छपाईत ते सगळं दुसऱ्या बाजूला घालतात. रामटेके पहिली बाजू लावतच नसत. इटलीचा एक पिक्चर, हैदराबादकडे काढलेला कुठला तरी, मुंबईचे चारपाच, असे करता करता त्यांच्याकडे शंभराच्या वर दुसऱ्या बाजू जमल्या होत्या.

आता खरी गंमत ऐका. यातला एकही पिक्चर त्यांनी पाहिलेला नव्हता. पाहायची हिंमतच नव्हती. रेकॉर्डच्या वेष्टनावरचं चित्रसुद्धा त्यांना सोसत नसे. त्या नव्या छपाईच्या वेष्टनांवर जीभ काढलेल्या बाया, कवट्या, विहिरीतून वर येणारे हात असतात आणि शौकीन लोक म्हणे त्या चित्रांसाठीच जीव टाकतात. रामटेके पार्सल आलं की डोळे बारीक करून ते उघडायचे आणि वेष्टनाला लगेच शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालायचे. जून महिन्यात मुलगी प्रज्ञा आपल्या पुस्तकांना कव्हरं घालायला बसली की बापही रेकॉर्डी घेऊन शेजारी बसायचा. वर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. पाहणाऱ्याला वाटावं, या घरात शंभर भूगोलाच्या वह्या आहेत.

एकदा एक तबकडी लालभडक निघाली, आत रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारखी. वेष्टनावर काय काय फुशारकी छापली होती. रामटेक्यांनी ती उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "रक्त असं नसते ताई. हे तं सरबत होय." रक्ताच्या बाबतीत त्यांना फसवणं शक्यच नव्हतं.

पार्सल म्हणजे आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप. पोस्टमनला त्यांनी बजावून ठेवलं होतं की सायकलला उन्हात लटकवायचं नाही, उभं ठेवायचं, आडवं नाही. तरी एका मे महिन्यात एक तबकडी पापडासारखी वाकून आली. फोनवर कुठेतरी वाचलं की दोन काचांमध्ये दाबून मंद आच दिली की ती सरळ होते. लॅबमध्ये काचेची भांडी सुकवायची भट्टी होतीच. दोन काचा, मध्ये तबकडी, वर जाड पुस्तक, असं सगळं आत ठेवलं आणि तेवढ्यात तापाचा एक पेशंट आला. स्लाइड तीनदा बघण्यात भट्टी राहिली डोक्यातून. उघडली तेव्हा काच घसरलेली आणि तबकडीचा पळसाच्या पानाचा द्रोण झालेला. नेमके त्याच वेळी डॉक्टर आत आले आणि हे काय म्हणून विचारलं. रामटेके हात जोडून म्हणाले, "सर, हे पार्श्वसंगीत आहे." आम्ही आठ दिवस हसत होतो. त्या द्रोणालाही त्यांनी घरी नेऊन खाकी कव्हर घातलं आणि नंबर दिला. खोटं या माणसाला बोलताच येत नाही, अशी माझी तेव्हा पक्की समजूत झाली.

एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. रेकॉर्ड लावायची म्हणजे त्यांच्या घरी एक सोहळाच असायचा. भर दुपारी दिवे लावायचे, पुढचं दार सताड उघडं ठेवायचं, वहिनींनी स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायचं, आणि मग हे खुर्चीच्या कडेला टेकून ऐकणार. आधी एक सतार बारीक रडत होती, मग काही तरी खरवडल्यासारखं, मग ढोल हळूहळू जवळ आला. मला तर हसू येत होतं. पण रामटेक्यांच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती मी दवाखान्यात कधी पाहिली नव्हती.

मी विचारलं, भाऊ, एवढं भेव वाटते तर हे ऐकता काऊन? तेव्हा त्यांनी सांगितलं की लहानपणी देवरीच्या व्हिडिओ हॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेले होते. भूत यायच्या आधीच घाबरून बाहेर पळाले आणि सायकली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याजवळ पायरीवर बसून उरलेला सगळा पिक्चर पडद्याआडून नुसता ऐकला. आत लोक किंचाळायचे त्याच्या आधी दरवेळी वाजायचं. आपल्याला आधीच कळतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. "भुताच्या पिक्चरमंदी एक गोष्ट बेस असते ताई. सांगून येते," ते म्हणाले. मग म्हणाले, "आमची सुमन लंगडी खेळता खेळता खाली बसली, तवा काईच वाजलं नाई."

सुमन त्यांची धाकटी बहीण. हातपाय दुखतात, पोट दुखतं म्हणायची, पिवळी पडायची. घरच्यांनी अंगारे केले, गोंदियाला नेलं, पण चौदाव्या वर्षी ती गेली. तिच्या रक्तात सिकलसेल होतं हे कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. रामटेके बारावीनंतर लॅबचं शिकले ते तिच्यामुळे.

आमच्या भागात हा आजार घरोघरी पसरला आहे. आई आणि बाप दोघांकडूनही आला तर मूल आजारी निघतं, एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो पण पुढे देऊ शकतो. अशाला वाहक म्हणतात. दोन वाहकांनी लग्न केलं की पोरांच्या नशिबाचा भरवसा नाही. म्हणून तपासून कार्ड देतात आणि लग्नाआधी एकमेकांची कार्डं बघा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो. तपासणी सोपी. नळीतल्या औषधाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. नळीतून रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे, मग आजारी की वाहक हे कळायला पुढची तपासणी गोंदियाला.

या बाबतीत रामटेक्यांचा भित्रेपणा कुठे जायचा कोण जाणे. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावात एका मुलीचं लग्न ठरलेलं, आणि नवऱ्या मुलाचा रिपोर्ट यांच्या हातात आला. दोघंही वाहक. फोन लागेना. हा माणूस संकटकाळच्या दाराची सीट न बघता दोन बस बदलून, शेवटी धानाच्या बांधावरून चालत त्यांच्या घरी गेला आणि मांडवाचे खांब रोवत असलेल्या बापाला सगळं समजावून सांगून आला. शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाले, "मले लगित भेव वाटलं. पण सांगा तं लागतेच ना."

म्हणूनच पुढचं मला इतकं झोंबलं.

प्रज्ञाचं लग्न ठरायला आलं तेव्हा ती नागझिऱ्याच्या गेटवर पर्यटकांच्या बुकिंगचं काम बघायची. हुशार, धीट पोरगी. बापाच्या वाट्याचा सगळा धीर हिच्याकडे गेलेला. मुलगा तुमसरकडचा, विजेच्या खात्यात. चांगला वाटला, कारण पहिल्याच भेटीत त्याने आपलं कार्ड पुढे ठेवलं. मी वाहक आहे, म्हणाला, तुमचं कार्ड बघू आणि मग पुढचं बोलू. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, रविवारही ठरला, कार्डाच्या अटीवर. प्रज्ञाचा बापच लॅबवाला, म्हणजे कार्ड हा काही प्रश्नच नव्हता.

पण कार्ड निघेना. आज कपाटाची किल्ली नाही, उद्या जुनी फाईल दुसरीकडे गेली आहे. प्लायवूडपलीकडून मला वहिनींचे फोन ऐकू यायचे आणि त्यावर यांचं "हाव, पाहतो". पंधरा दिवस गेले. एकदा तर एका पेशंटची स्लाइड त्यांनी चार वेळा पाहिली.

साक्षगंधाच्या आदल्या रविवारी वहिनींनी साड्या बघायला म्हणून मला बोलावलं. साड्या बघून झाल्यावर प्रज्ञाने मला हळूच बाजूला घेतलं आणि कपाटावर बोट दाखवलं. वर रेकॉर्डींची चवड होती, वरचं प्लास्टिकही न काढलेली. कव्हर नाही, नंबर नाही. त्या जीभ काढलेल्या बाया उघड्याच आमच्याकडे बघत होत्या. मी मोजल्या, बारा होत्या.

"बाबा मागवून राहिले, पण उघडून नाई राहिले," प्रज्ञा म्हणाली. "मावशी, काय झालं असन?"

उत्तर तेव्हाच कळलं असं नाही, पण कार्ड आणि ही चवड यांचा काहीतरी संबंध आहे हे मनाने घेतलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबचं दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "भाऊ, पोरीचं कार्ड काऊन नाही देऊन राहिले?"

ते एक स्वच्छ स्लाइड पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "कार्ड आहे ताई. निगेटिव्ह लिहून आहे."

"मग द्या की."

"पाह्यलं नाई."

"काय नाही पाहिलं?"

"नळी. नळी पाह्यलीच नाई मी. तसंच लिहून देल्लं."

प्रज्ञा सातवीत असताना तिच्या शाळेत तपासणीचं शिबिर होतं आणि यांचीच ड्यूटी. सगळ्या पोरांच्या नळ्या ओळीने लावल्या, एकेक रेघांपुढे धरून नीट बघितली. शेवटची नळी आपल्या पोरीची. ती उचलली. न बघताच मोरीत ओतली, धुऊन टाकली आणि रजिस्टरवर निगेटिव्ह लिहिलं. पुढच्या आठवड्यात घरी नीट करू, असं मनाशी म्हणाले. तो आठवडा आलाच नाही. स्वतःचं रक्त तर त्यांनी उभ्या जन्मात तपासलं नव्हतं. प्रज्ञा ठणठणीत होती, म्हणजे आजारी नक्की नव्हती. पण वाहक असेल तर? आणि समोर बसलेला मुलगा वाहक.

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. लोकांच्या पोरीसाठी बांधावरून चालत गेलात आणि घरच्या पोरीचा कागद खोटा, एवढं मात्र नक्की म्हणाले. त्या शिबिरातल्या बाकी पोरांचंही असंच केलं का, हेही विचारलं. तेव्हा ते पहिल्यांदा वर बघून म्हणाले, नाही, बाकी सगळ्या तीनदा पाहिल्या. आणि मला ते खरं वाटलं.

"सुमनच्या वक्ताले कोणालेच माईत नव्हतं," ते म्हणाले. "आता माईत पडलं, तं मीच देल्लं असं होईन ना ताई. माह्याच घरून गेलं असं."

मला दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. मी त्यांना सांगितलं की रविवारच्या आत तुम्ही प्रज्ञाला सांगा. नाही सांगितलं तर मी सांगणार, आणि मी काही तुमच्यासारखी दोनदा विचार करणारी बाई नाही.

ते पाच दिवस माझे कसे गेले ते माझं मलाच माहीत. गोळ्या मोजताना चुकायला लागले. सकाळी त्यांच्याकडे बघायची, ते मान हलवायचे. नाही सांगितलं. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी धमकी तर दिली होती, पण सांगायची वेळ आली तर कुठल्या तोंडाने सांगणार, हे काही कळेना. गुरुवारी पोस्टमन पुन्हा एक चौकोनी पार्सल घेऊन आला. रामटेक्यांनी सही केली आणि ते तसंच भिंतीला टेकवून ठेवलं. मी फटीकडे कान लावून बसले होते, कागद फाटल्याचा आवाज येईल म्हणून. आला नाही.

शनिवारी ते उशिरा आले. वहिनींना फोन न करताच खुर्चीवर बसले. मी आत गेले तेव्हा म्हणाले, सांगितलं. प्रज्ञा ओरडली नाही, रडली नाही. सगळं ऐकून घेतलं. मग यांनीच म्हटलं की चल, आता लगेच लॅबमध्ये तुझी नळी करतो, तीनदा पाहतो. त्यावर ती म्हणाली, "नको बाबा. दुसऱ्याले पाहू द्या."

हे सांगताना रामटेके रडले. तीनदा बघण्यावर ज्या माणसाची अख्खी इज्जत उभी होती, त्याला पोटच्या पोरीने नको म्हटलं होतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

निकाल काय लागला ते सांगूनच टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. बाप वाहक निघाला, लेकही वाहक. वहिनींना काही नाही. प्रज्ञाने त्या मुलाला साकोलीला बोलावून स्वतः सगळं सांगितलं, खोट्या कार्डासकट. दोघं बराच वेळ बोलत बसले आणि भांडण न करता मोकळे झाले. ती आठवडाभर कोणाशी बोलली नाही. मुलगा तिला आवडला होता. पुढे दीड वर्षाने तिचं लग्न भंडाऱ्याकडे झालं. कार्डं आधी बघितली, मग मुलगा.

रामटेक्यांनी मला न विचारता डॉक्टरांना लेखी अर्ज दिला की सातवीच्या शिबिरातली एक नोंद मी न पाहता केली आहे. चौकशी झाली, मेमो मिळाला, वेतनवाढ अडली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. शिबिरातली बाकी मुलं शोधून पुन्हा तपासली, सगळ्यांचे निकाल जसेच्या तसे आले. बदलीच्या वेळी घरचं सामान टेम्पोने गेलं आणि रेकॉर्डी प्रज्ञा आणि ते एसटीने मांडीवर घेऊन गेले. तेव्हा सगळ्यांना कव्हरं घातलेली होती. शेवटच्या तेरा रेकॉर्डींवरचे नंबर प्रज्ञाच्या अक्षरात होते.

पण रामटेके म्हटलं की मला ना त्या रेकॉर्डी आठवतात, ना ती बदली. आठवतो तो सोमवार, साक्षगंध पुढे ढकललं त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. मी औषधांचा साठा आणायला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. लॅबसमोरच्या बाकावर बापलेक बसले होते, मध्ये एका माणसाची जागा रिकामी सोडून. दोघांचे केसपेपर रामटेक्यांच्या हातात. घामाने कागद ओले झालेले. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

आतून एका तरुण पोराने डोकं बाहेर काढून "रामटेके" म्हणून पुकारा केला. दोघंही एकदम उठले. पोरगा वैतागला, म्हणाला, "अरे दो-दो? पहले कौन?"

"पहले मैं," रामटेके म्हणाले. "इसका जो भी निकलेगा, मेरे से आया है."

आत जाऊन त्यांनी बोट पुढे केलं. पोराने थेंब घेतला, नळी स्टँडमध्ये लावली आणि "बाहर बैठो, बुलाते हैं," म्हणाला. रामटेके हलले नाहीत. "मैं यहीं रुकता, देखता," एवढं म्हणाले आणि टेबलाला धरून उभे राहिले. मी दारातून बघत होते. तेव्हा प्रज्ञा आत गेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि पाच मिनिटं होईपर्यंत दोघांनीही त्या नळीवरची नजर काढली नाही.